चुकामूक झाली तर मासळी बाजारात

फिलू, आधी हे सांग, तिथे मासळी बाजार आहे का? नसला तर तुझं काही खरं नाही. बाकी सगळं चांगलंच असेल गं, पण सकाळी उठून एखाद्या माशाचे कल्ले उचलून बघितल्याशिवाय तुला करमायचं कसं? अबूधाबीत आलेल्या पाहुण्यांना लोक मशीद दाखवतात, मॉल दाखवतात. तू मीना बंदरावरचा मासळी बाजार दाखवायचीस. माझ्या सासूबाईंनी जन्मात माशाला हात लावला नव्हता, त्यांनाही तू नेलंस. नाकाला पदर लावून त्या तुझ्यामागे हिंडल्या आणि घरी येऊन मला म्हणाल्या, "मैत्रीण गोड आहे हो तुझी, पण जरा वेडी आहे."

तुझा विन्सेंट परवा वसईहून आला. तुला तिकडे तुझ्या आईबाबांशेजारी ठेवून, सगळं आटोपून. आता त्याला इथलं खलिफा सिटीतलं घर रिकामं करायचंय, नोकरीचे शेवटचे सोपस्कार करायचेत. माझ्याकडे आला, चहा घेतला, आणि जाता जाता असं काही सांगून गेला की तेव्हापासून मी तुझ्याशी भांडतेय. मनातल्या मनात भांडून समाधान होईना, म्हणून लिहायला बसले. उलट बोलायला तू नाहीस, त्याचा एकदा तरी फायदा घेते.

भांडण जुनंच आहे. प्रोग्रेसोचं, मेक्सिकोतल्या त्या छोट्या बंदराचं.

खरं तर त्या क्रूझच्या जहाजावर मी जायचंच नव्हतं. तुझ्या लेकीनं, शेरॉननं, ह्यूस्टनहून तुम्हा नवराबायकोसाठी बुकिंग केलं होतं, लग्नाच्या वाढदिवसाचं. आणि नेमकं तेव्हाच विन्सेंटच्या प्लांटचं शटडाऊन लागलं. रुवैसमध्ये राहिलेल्या बाईला शटडाऊन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. महिनाभर नवरा फक्त कपडे बदलायला घरी येतो. त्याची रजा गेली, आणि तू माझ्या दारात उभी. "यल्ला, पासपोर्ट काढ. भाचीच्या लग्नाला गेली होतीस तेव्हाचा अमेरिकेचा व्हिसा आहे ना अजून? मग चल."

"मी? अगं, ह्यांना विचारायला हवं."

"विचारलं. हो म्हणाले. खलास."

कधी विचारलंस, कसं विचारलंस, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्याबद्दलही एकदा बोलायचं होतं.

तुला माहीत आहे मी कशी होते. रुवैसच्या कॉलनीत आपण शेजारी राहायला लागलो तेव्हा ओंकार माझ्या कडेवर होता. एका बाजूला रिफायनरी, एका बाजूला समुद्र आणि उरलेली सगळी वाळू. नवरे ड्युटीवर. आपल्यातल्या बाकीच्या बायका नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघत बसायच्या. तू गेस्ट हाउसमध्ये हाउसकीपिंगची सुपरवायझर, आठवडाभर सत्तर चादरींवरून पोरांवर ओरडून झालं की सुट्टीच्या दिवशी गाडी काढायचीस. लायसन्सच्या परीक्षेत किती वेळा नापास झालीस ते विचारलेलं तुला आवडायचं नाही. पण एकदा चाक हातात आलं आणि सगळं अबूधाबी तुझ्या पायाखालचं झालं. जिथे बोर्ड नाही, झाड नाही, वळणसुद्धा वाळूत गाडलं गेलंय, तिथे तू बरोबर वळायचीस. आणि मी शेजारी. दार उघडायचं, बसायचं, पट्टा लावायचा, एवढाच माझा भूगोल. पुढे आपण दोघी खलिफा सिटीत राहायला आलो, ओंकार मोठा झाला, दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये ऑफिसला लागला. त्याला फोन करून मी अमुक ठिकाणी कसं जायचं विचारलं की म्हणायचा, "आई, जस्ट टेक अ कॅब ना." कॅबमध्ये एकटीनं बसायची भीती वाटते, हे पोटच्या पोराला सांगायला लाज वाटायची. तुला सांगायला वाटली नाही.

तर ते गाव, प्रोग्रेसो. त्याचा धक्का समुद्रात इतका आत गेलेला की जहाजातून उतरलं तरी गाव दिसेचना. त्या धक्क्यावरून बसनं गावात जायचं. खाली उतरलो तर गळ्यात पट्ट्या घातलेले गाईड उभे. आपल्या डायनिंग टेबलावरची सगळी मंडळी माया लोकांचे जुने दगडी मनोरे बघायला एसी बसमध्ये चढली. मीही निघाले त्यांच्या मागे. तू मला दंडाला धरून बाजूला ओढलंस.

"दगड काय, उद्याही तिथेच असतील. चल, माणसं बघू."

"अगं, ना भाषा, ना ओळख!"

"रुवैसला उतरलो तेव्हा तुझी कोण आत्या राहत होती तिथे?"

निघाले. आणि खोटं कशाला बोलू, गाव मला आवडलंच. बुटकी बुटकी घरं, एक पिवळं तर शेजारचं मोरपंखी. दारात खुर्च्या टाकून बसलेल्या बायका, गळ्याशी रंगीत फुलं भरलेले पांढरे झगे घालून. माझी उंची, माझा रंग, माझी वेणी बघून प्रत्येक जण माझ्याशी धाडधाड स्पॅनिशमध्ये बोलायला लागायचा, आणि मी इथल्या सवयीनं हिंदीत उत्तर द्यायचे. "भैया, ये कैसा दिया?" तो मेक्सिकन भैया बिचारा हसून मान हलवायचा. तू तर सरळ मराठीच. म्हणे, "आपल्याला काय हवंय ते डोळ्यांत दिसतं गं, तोंडातून काही का निघेना."

बाजारात शिरल्या शिरल्या चिकू दिसले. तू ओरडलीस, "शैला, डहाणूचे चिकू! बघ, कुठे येऊन पोचलेत!" मी म्हटलं, हे इथलेच असतील, इथून तिकडे गेले असतील. तू ऐकेचना. त्या फळवाल्या म्हाताऱ्यालाच पंच केलंस. एक चिकू हातात धरून खुणेनं विचारलंस, हा कुठला? त्यानं पायाखालच्या जमिनीकडे बोट केलं. तू म्हणालीस, "त्याला काय माहीत!" जहाजावर परत जाईपर्यंत तू हरायला तयार नव्हतीस. आता मी ओंकारकडून खात्री करून घेतलीय, फिलू. चिकू मूळचा तिकडचाच. पेरू तिकडचा, सीताफळ तिकडचं. हे तुला सांगायचं राहिलं, आणि तुझा चेहरा बघायचाही.

मग मासळी. तो वास आला आणि तुझी मान आपोआप वळली. एका जाड्या, हसऱ्या कोळणीपुढे तू बसलीस. कोळीण म्हणजे तिथली, पण कमरेवर हात ठेवून उभं राहण्याची तऱ्हा थेट वसईची. तू कल्ले उचललेस, डोळे बघितलेस, पोट दाबलंस. तिनं दुसरा मासा पुढे केला, तू नाक मुरडलंस. तिनं खालून तिसरा काढला. तांबोशी, हातभर लांब, लालबुंद. तुम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलात. मी पेसोचे दिरहॅम आणि दिरहॅमचे रुपये करून सांगेपर्यंत मासा पिशवीत पडलासुद्धा.

"अगं बाई, हा शिजवणार कुठे? केबिनमध्ये?"

"भाजायला देऊ ना."

"कोणाला?"

"बाहेर असेल की दुकान."

मीनाला असतं तसं! इकडे मासा घ्यायचा, तिकडे साफ करून घ्यायचा, आणि पलीकडच्या दुकानात मसाला चोळून भाजायला टाकायचा. वर्षानुवर्षं हेच केलेलं, त्यामुळे जगातल्या प्रत्येक मासळी बाजाराबाहेर भाजणारा मलबारी बसलेला असतो, अशी तुझी पक्की खात्री. बाहेर आलो तर एक चपला शिवणारा, एक मोबाइलची कव्हरं विकणारा आणि झोपलेली दोन कुत्री. मला हसू आवरेना. जगाच्या दुसऱ्या टोकाला, चार तासांसाठी उतरलेल्या दोन बायका, आणि हातात कच्ची तांबोशी.

पण तू हार मानणाऱ्यातली थोडीच. त्या गावात दीपगृह किनाऱ्यावर नाही, घरांच्या मधोमध उभं आहे. त्याच्याजवळच्या एका बाकावर मला बसवलंस. "इथेच बस. उन्हात कशाला दोघी? दुकान बघते, मासा टाकते आणि तुला न्यायला येते." पर्समध्ये तुझ्या घरच्या मसाल्याची छोटी बाटली होतीच. ती हलवून दाखवलीस आणि गेलीस.

मी बसले. आधी मजा वाटली. मग ऊन पायावर आलं. मग मी सरकले. ऊन परत आलं. फोनला रेंज नाही, कारण रोमिंगला पैसे कशाला घालवायचे असं आपण दोघींनी मिळून ठरवलेलं. पासपोर्ट केबिनमध्ये. जहाज कुणासाठी थांबत नाही, हे आदल्या दिवशी माईकवरून बजावून सांगितलेलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं, फिलू. मी रडले थोडी, हे तुला कधी सांगितलं नाही. शेजारी एक आजोबा पेपर वाचत होते, त्यांनी रुमाल पुढे केला.

आणि मग राग आला. ही बाई हे मुद्दाम करतेय! रुवैसच्या वाळूत न चुकणारी बाई दोन गल्ल्यांच्या गावात चुकेल? मला धडा शिकवायचाय हिला. ठीक आहे, म्हटलं, शोधतेच तुला. उठले.

उठले, पण जायचं कुठे? मग विचार केला, मी फिलू असते तर कुठे गेले असते? आधी देवळात. तर चर्चमध्ये गेले. तिथे गारवा होता, मेणबत्त्या होत्या, तू नव्हतीस. तुझ्यासाठी एक लावून आले, चिडून का होईना. मग एका दुकानापुढे रांग दिसली, हुबेहूब पिठाच्या गिरणीसारखी. आत यंत्रातून मक्याच्या गोल गोल पोळ्या पडताहेत, आणि लोक किलोवर विकत घेऊन फडक्यात गुंडाळून नेताहेत. रांगेतल्या बाईला मी हातानं मासा करून दाखवला, मग तुझी उंची, तुझे आखूड केस, तुझा चष्मा. ती हसायलाच लागली. तिथल्या मुलीनं एक गरम पोळी मीठ भुरभुरून माझ्या हातात ठेवली. पैसे घेईना. ती खात खात मी पुढे चालले, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की मला भीती वाटत नाहीये. उलट पुढच्या कोपऱ्यावर काय आहे ते बघायचंय. एका घराच्या खिडकीत पोपट होता, एका अंगणात पेरूचं झाड होतं, एक बाई बादलीनं रस्ता धुत होती. सगळं मला एकटीला दिसत होतं. पन्नाशी उलटून गेल्यावर पहिल्यांदा, फिलू. मी तुला शोधायचं विसरलेसुद्धा थोडा वेळ.

आणि मग तू सापडलीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जिथून निघालो तिथेच, मासळी बाजारात. त्या जाड्या कोळणीनं तुला एका उपड्या क्रेटवर बसवलं होतं, तुझ्या हातात पाण्याचा ग्लास होता, आणि तिचा हात तुझ्या खांद्यावर. मला वाटलं, झाली हिची मैत्री, आता ही वसईचं आमंत्रण देऊन मोकळी होणार.

मला बघून तू काय म्हणालीस आठवतं? "किती वेळ लावलास गं!"

मी तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझं संपल्यावर विचारलं, "मासा कुठाय?"

"दिलाय भाजायला."

"कुठे?"

तू हात हवेत फिरवलास. "इथेच कुठेतरी."

म्हटलं, अस्सं! अजून खेळ संपलेला नाही तर. आता मासाही मीच शोधायचा. "चल," म्हटलं, "बघच तू." आणि पुढे झाले. सगळ्या आयुष्यात मी पुढे आणि तू मागे असं पहिल्यांदाच झालं. तू माझ्या ओढणीचं टोक धरून चालत होतीस. मी हसून म्हटलंही, "काय गं, बालवाडीत निघालीस का?" तू टोक सोडलं नाहीस.

दोन गल्ल्यांपलीकडे धूर दिसला, आणि ओळखीचा वास आला. केळीचं पान जळल्याचा. एका घराच्या मागच्या अंगणात चार टेबलं मांडलेली, चुलीशी एक बाई. आपल्याला बघून ती कपाळावर हात मारून एवढं बोलली की शब्द कळला नाही तरी अर्थ कळला. कुठे होतात दोघी, मासा करपला असता! टेबलाकडे बोट करून म्हणाली, "मेसा." तुझे डोळे चमकले. "मेज! बघ, आमच्या पोर्तुगिजांनी इथेही मेजच ठेवलंय!" आमच्या म्हणे. तिनं पान उघडलं. आंबट संत्र्याचा रस, कसलं तरी लाल वाटण, आणि त्यात तुझा मसाला. अर्धी बाटली तू तिला ओतू दिली होतीस. त्या बाईनंही बोट चाटून बघितलं आणि उरलेली बाटली पदरात टाकून घेतली, म्हणजे ॲप्रनच्या खिशात. मला मासे खायला तूच शिकवलंस, शेकडो वेळा तुझ्या हातचे खाल्ले, पण त्या दिवशीच्या तांबोशीची सर कशालाच नाही. तूही तेच म्हणालीस.

परतीच्या बसमध्ये आपलं ते भांडण झालं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "शैला, मी खरंच रस्ता चुकले गं."

"थापा मारू नकोस."

"अगं, खरंच."

"तू? चुकलीस? सांग जाऊन विन्सेंटला, तोही हसेल."

तू माझ्याकडे नीट बघितलंस. मग हसलीस आणि म्हणालीस, "बरं बाई, मुद्दाम केलं. झालं समाधान?" संध्याकाळी डेकवर धक्का मागे मागे जाताना तूच नियम काढलास. "यापुढे कुठेही चुकामूक झाली, कुठल्याही गावात, तर मासळी बाजारात भेटायचं. ठरलं?" म्हटलं, ठरलं. जिथे समुद्र नाही तिथे काय करायचं, हे मी विचारलं होतं. तू म्हणालीस, तिथे आपण कशाला जाऊ?

नंतर तो किस्सा मी किती वेळा सांगितला! गणपतीत, नाताळात, तुझ्या घरी, माझ्या घरी. "या बाईनं मला मेक्सिकोत सोडून दिलं होतं!" लोक हसायचे, तूही हसायचीस. एकदाही खोडून काढलं नाहीस. परत आल्यावर थोड्याच दिवसांत डोळ्यांचं निमित्त करून तू गाडी चालवायची सोडलीस. "आता तू फिरव मला," म्हणालीस. मला वाटलं, हा धड्याचा पुढचा भाग. मी बसचं कार्ड काढलं. खलिफा सिटीतून बस पकडून मीनाला जायला लागले, तुला खिडकीशी बसवून. एकदा तर एकटीच बसनं दुबईला ओंकारकडे जाऊन धडकले. तो दारात म्हणाला, "आई! हाऊ डिड यू कम?" मी ऐटीत म्हटलं, "विचार तुझ्या फिलूआंटीला, ट्रेनिंग कोणाचं आहे!"

पुढच्या उन्हाळ्यात निदान झालं. डोक्यात गाठ. तुझ्या तोंडून ते ऐकलं तेव्हाही मला प्रोग्रेसो आठवलं नाही. दोन टोकं जोडायची अक्कल मला आली नाही.

ती परवा विन्सेंटनं जोडली. कप खाली ठेवून सहज म्हणाला, "मेक्सिकोपासूनच सुरू झालं होतं ना." मी म्हटलं, काय सुरू झालं होतं? तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुला तिनं कधीच नाही सांगितलं?"

शेरॉनच्या घरी पोचल्या पोचल्या तू त्याला फोन केलास म्हणे. मासा देऊन बाहेर आलीस, आणि रस्ता समोर असूनही एकही घर ओळखीचं वाटेना. आपण कुठल्या देशात आहोत तेही आठवेना. "एवढंच आठवत होतं म्हणाली," विन्सेंट सांगत होता, "की शैला कुठल्या तरी बाकावर बसलीये आणि तिला रस्ता येत नाही. तिला तुझीच काळजी. मग मासळीचा वास आला. तेवढा एक ओळखीचा वाटला, त्याच्यामागे चालत गेली."

मी त्याला विचारलं, मग मला का नाही सांगितलं तिनं? इतक्या वेळा मी चारचौघांत तिची चेष्टा केली, तेव्हा तरी?

"मी म्हणालो होतो तिला, सांग. तर म्हणाली, नको. मी तिला मुद्दाम सोडलं असं तिला वाटतंय, वाटू दे. त्या जोरावर ती बसनं फिरायला लागलीय. खरं कळलं तर पुन्हा घरात बसेल, आणि मलाही बसवेल."

शहाणी आहेस, फिलू! लबाड, खोटारडी, शहाणी बाई! म्हणजे मला सोडून गेली नव्हतीस तू. मी ज्या धड्याची फुशारकी मारत फिरले तो धडा तू दिलाच नव्हतास. पण मी तो शिकलेय म्हटल्यावर तू गुपचूप मास्तरीण व्हायला तयार झालीस. जगात सगळ्यात न चुकणारी बाई म्हणून तुझा जो तोरा होता, तो जपायचा म्हणून नाही. माझा नवा नवा तोरा मोडू नये म्हणून. हे मला कोणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर पटलं नसतं. इतकं कुणी कुणासाठी करतं का? आणि करायचंच होतं, तर एकदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून घाबरलीस तरी असतीस. मी काय लगेच मोडून पडले असते?

कदाचित पडले असते. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

विन्सेंट उठला, आणि दारात घुटमळला. "शैला, एक विचारू? बाजाराचं काय होतं तुमचं? शेवटी शेवटी तिला हॉस्पिटल कुठलं, वसई कुठली, काही कळत नव्हतं. पण सारखी विचारायची, बाजार कुठल्या बाजूला? मी म्हणायचो, कशाला हवाय बाजार? तर म्हणायची, शैला तिथेच येईल. मला वाटलं, भ्रम झालाय."

भ्रम नव्हता, म्हटलं त्याला. आमचं ठरलेलं होतं. आणि मग त्याला सगळं सांगितलं, चिकूपासून तांबोशीपर्यंत. त्याच्याकडे अर्धी गोष्ट होती, माझ्याकडे अर्धी. दोघंही दारात उभं राहून रडलो. मग तो हसून म्हणाला, "कच्चा मासा घेऊन गावभर! माझीच बायको."

मला आता एकच उत्सुकता आहे, आणि ती काही भागणार नाही. त्या मधल्या वेळात तू काय बघितलंस गं? मी तो पोपट बघितला, रस्ता धुणारी बाई बघितली, मला सगळं नवं नवं आणि छान दिसलं. तेच रस्ते, तीच घरं तुला कशी दिसली? तूही तो पोपट बघितलास का? तुला पोळी कुणी दिली का? कोळणीला तू काय सांगितलंस की तिनं तुला बसवून घेतलं, पाणी दिलं? की काही सांगितलंच नाहीस, आणि तुझ्या डोळ्यांत दिसलं तिला? आपण दोघी एकाच गावात एकाच वेळी एकट्या फिरत होतो. मी तुझ्यामुळे शूर झाले आणि तू माझ्या काळजीनं चालत राहिलीस. दोघींनी एकमेकींना अर्धंच सांगितलं. माझं रडणं मीही नव्हतंच सांगितलं.

काल मीनाला गेले. एकटी, बसनं. तांबोशी घेतली, कल्ले उचलून, नाक मुरडून, तिसरी. भाजायला आपल्या नेहमीच्या मलबाऱ्याकडे दिली. तो मसाला चोळता चोळता माझ्या मागे बघत म्हणाला, "दूसरा मॅडम किधर?"

मला 'गेली' म्हणता येईना. म्हटलं, "आगे गयी है."

"अच्छा," तो म्हणाला, आणि मासा जाळीवर टाकला.

तेव्हा ऐक, फिलू. एका जागी बस असं सांगायचा माझा विचार होता, पण तुला बसवणार कोण? हिंड. गल्लीबोळ बघून ठेव, ताजा मासा कोणाकडे मिळतो ते बघ, चिकू कुठले ते विचार. रस्ता ओळखीचा वाटेनासा झाला तर घाबरू नकोस, वास येईल त्या दिशेनं चालत राहा आणि बाजारात जाऊन थांब. मला यायला वेळ लागेल. "किती वेळ लावलास" म्हणशील, म्हण. मी शोधत येईन, आता येतं मला, आणि ओढणीचाच ड्रेस घालून येईन.